ओळ क्रमांक ११ : शाळेतल्या मदतनीसाचे करविवरण

अमेरिकेच्या प्राप्तिकर विवरणपत्राला, म्हणजे फॉर्म १०४० ला, जोडायच्या शेड्यूल १ मध्ये अकराव्या क्रमांकाची ओळ शाळेत काम करणाऱ्यांसाठी राखलेली आहे. वर्गासाठी पदरचे पैसे घालून घेतलेल्या वस्तूंचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा करण्याची ती जागा. २०२२ पासून २०२५ पर्यंतच्या करवर्षांसाठी ही मर्यादा माणशी ३०० डॉलर होती. शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरातल्या सरकारी प्राथमिक शाळेत, विशेष शिक्षणाच्या वर्गात मी मदतनीस म्हणून काम करते. ती ओळ भरण्यासाठी मला काय काय करावे लागले आणि तिच्यामागे जाताना राज्याच्या करातली तिच्याहून कितीतरी मोठी सवलत कशी हाती लागली, ते येथे नोंदवत आहे. एच-४ ईएडी, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना मिळणारा कामाचा परवाना, हाती आल्यावर किंवा मुले मोठी झाल्यावर आपल्यापैकी अनेक जणी शाळांमध्ये अशी कामे धरतात आणि त्यांतल्या बहुतेकींना आपण या तरतुदीत बसतो याची कल्पना नसते, म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

आमच्या वर्गात बोलण्यापेक्षा चित्रे जास्त उपयोगी पडतात. दिवसाचे वेळापत्रक चित्रांच्या पट्टीवर लावलेले असते. प्रत्येक चित्र छापायचे, कापायचे, लॅमिनेट करायचे आणि मागे वेल्क्रोचा ठिपका चिकटवायचा, म्हणजे एखादे काम संपले की मूल ते चित्र स्वतः काढून ठेवू शकते. लॅमिनेशनची पाकिटे आणि वेल्क्रोची रिळे ज्या वेगाने संपतात त्याची बाहेरच्यांना कल्पना येणार नाही. त्याशिवाय किती वेळ उरला हे लाल चकतीने दाखवणारे घड्याळ, गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी कानावर लावायचे हेडफोन, हातात चाळा करण्याच्या वस्तू, गोंदाच्या कांड्या आणि फळ्यावरचे मार्कर, अशा गोष्टी सतत लागतात. वर्गशिक्षिकेला डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडून, वर्षाची एक रक्कम मिळते आणि ती शरद ऋतूतच संपते. मदतनिसाला अशी रक्कमच नसते. साहित्य मागवण्याची रीत आहे, पण मागणीचा कागद मंजूर होऊन खोके वर्गात येईपर्यंत ज्या मुलासाठी ते मागवले त्याची गरज बदललेली असते, त्यामुळे माणूस संध्याकाळी डॉलर ट्रीमध्ये किंवा टार्गेटमध्ये जातो आणि घेऊन येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या पाहणीनुसार २०१४-१५ या शालेय वर्षात सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी परत न मिळणारा खर्च स्वतःच्या खिशातून केला होता आणि त्याची सरासरी ४७९ डॉलर होती. ही पाहणी शिक्षकांची होती. मदतनिसांचा पगार शिक्षकाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो आणि त्यांच्या खिशातून गेलेले पैसे त्या आकड्यात नाहीत.

आमची विवरणपत्रे भरणाऱ्या सीपीए (परवानाधारक लेखापाल) गृहस्थांपुढे मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी ही वजावट शिक्षकांची आहे, तुम्ही शिक्षिका नाही, असे सांगून तो तिथेच मिटवला. त्यांचा स्वर सौजन्याचा होता, पण उत्तर चुकीचे होते. कायद्यात पाच प्रकारची माणसे स्पष्ट लिहिलेली आहेत: शिक्षक, प्रशिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक आणि मदतनीस. प्रमाणपत्राची किंवा पदवीची अट नाही. अट तासांची आहे. बालवाडी, म्हणजे इथले किंडरगार्टन, ते बारावी यांतल्या इयत्तांसाठी, राज्याच्या कायद्याने प्राथमिक वा माध्यमिक शिक्षण देणारी म्हणून मान्य असलेल्या शाळेत, एका शालेय वर्षात किमान ९०० तास काम झालेले असले पाहिजे. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करविभागाच्या, संकेतस्थळावर टॉपिक ४५८ या क्रमांकाखाली हे सगळे एका पानात दिलेले आहे. मी ते पान छापून त्यांच्याकडे नेले, त्यांनी ते शांतपणे वाचले आणि तासांचा हिशेब आणायला सांगितला.

तासांचा हिशेब पूर्णवेळ माणसाला सोपा असतो, आमच्यासारख्यांना तो मांडून पाहावा लागतो. आमच्या इलिनॉय राज्यात मुलांची प्रत्यक्ष उपस्थिती वर्षाला किमान १७६ दिवस असावी लागते. मला दिवसाला सहा तासांचा पगार मिळतो, मधली जेवणाची सुट्टी बिनपगारी. म्हणजे वर्षाचे १,०५६ तास होतात आणि काही रजा वजा केल्या तरी ९०० च्या वरच राहतात. पण माझ्याच शाळेत पाच तासांवर नेमलेली एक मदतनीस आहे. तिचे १७६ दिवसांचे ८८० तास होतात आणि ती वीस तासांनी बाहेर राहते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवशी तिला पगारी बोलावले आणि त्या वर्षी रजा घेतल्या नाहीत तर ती कशीबशी आत येते. तिने हे गणित करून पाहिल्यावर प्रशिक्षणाच्या दिवसांना नियमित यायला सुरुवात केली, यात मला काही गैर वाटले नाही. डिस्ट्रिक्टच्या वेतन विभागाला ईमेल लिहिल्यावर त्यांनी शालेय वर्षाच्या तासांचा उतारा पाठवला. हा उतारा विवरणपत्राला जोडायचा नसतो, पण कोणी विचारले तर तोच एक पुरावा हातात असतो.

येथे एक गुंतागुंत आहे. तास शालेय वर्षाचे मोजतात, ऑगस्टपासून मे-जूनपर्यंतचे, आणि खर्च मात्र करवर्षाचा, म्हणजे जानेवारी ते डिसेंबरचा. ऑगस्टमध्ये नोकरीला लागलेल्या व्यक्तीचे डिसेंबरअखेर ९०० तास होणे शक्यच नाही, पण ज्या शालेय वर्षात ती काम करत आहे त्याचे मिळून तास भरत असतील तर अडचण येत नाही. क्रेडिट कार्डावर घेतलेली वस्तू ज्या वर्षी कार्डावर पैसे लागले त्या वर्षाची धरतात, कार्डाचे बिल तुम्ही नंतर केव्हाही भरा.

पाच जणांची ही यादी किती काटेकोर आहे हे शाळेच्या इमारतीत फिरले की दिसते. शाळेची परिचारिका त्यात नाही, कार्यालयातली सचिव नाही. आमच्या समोरच्या खोलीत तीन-चार वर्षांच्या मुलांचा प्री-के वर्ग भरतो. तिथल्या शिक्षिकेची पदवी आमच्या वर्गशिक्षिकेइतकीच, तासही तितकेच, आणि खर्च तर रंग, कागद आणि पुसण्याच्या रुमालांमुळे आमच्याहून जास्त. पण किंडरगार्टनच्या खालचा वर्ग कायद्यात धरलेला नाही, म्हणून तिला एक डॉलरही मिळत नाही. शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत शिकवणाऱ्या मैत्रिणींनीही मला विचारले होते. महाराष्ट्र मंडळांच्या या शाळा स्वयंसेवकांवर चालतात, राज्याच्या कायद्याने त्या प्राथमिक वा माध्यमिक शाळा नव्हेत आणि आठवड्याच्या दीड-दोन तासांतून ९०० तास कधीच होणार नाहीत. बाराखडीच्या तक्त्यांवर त्या करत असलेला खर्च या ओळीत बसत नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांचा खर्चही आयआरएसच्या सूचनांत स्पष्टपणे वगळलेला आहे.

यानंतरचे काम पावत्यांचे, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. दुकानाच्या पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात. काही महिन्यांत त्यांवरची अक्षरे उडून कोरा कागद हातात राहतो, त्यामुळे मी आता दुकानाच्या दारातच फोनवर फोटो काढते. ॲमेझॉनची खरेदी खात्यात सापडते, पण घरच्या तेल-साबणाबरोबर मागवलेली असते, तेव्हा एकेक ओळ वेगळी करावी लागली. दुसऱ्या शिक्षकांनी तयार करून विकलेले सरावाचे कागद मी टीचर्स पे टीचर्सवरून घेते, त्यांच्या पावत्या फक्त ईमेलमध्ये होत्या. खरेदीवर भरलेला विक्रीकर वस्तूच्या किमतीतच धरला. शाळेला स्वतःच्या खरेदीवर हा कर माफ असतो, पण तो शाळेच्या पैशांतून शाळेच्या नावाने घेतलेल्या वस्तूंना. मी माझ्या पैशांनी वर्गासाठी घेतलेल्या मार्करवर मला तो भरावाच लागतो.

कोणता खर्च धरायचा याचा नियम वाचायला सोपा आहे: पुस्तके, साहित्य, संगणक व त्याची सॉफ्टवेअर, इतर उपकरणे आणि वर्गात वापरायचे पूरक साहित्य. २०१६ पासून अभ्यासक्रमाशी किंवा आपल्या विद्यार्थ्यांशी संबंधित प्रशिक्षणाचे शुल्कही चालते. १२ मार्च २०२० नंतर घेतलेले मुखपट्ट्या, जंतुनाशक, हातमोजे, पारदर्शक आडोसे, हवा शुद्ध करणारी यंत्रे असे संसर्ग रोखण्याचे सामान त्यात जोडले गेले. प्रत्यक्षात पावती हातात घेतली की प्रश्न सुरू होतात. लॅमिनेशन, वेल्क्रो, चाळ्याच्या वस्तू, घड्याळ, हेडफोन, चित्रकार्डे, हे निःशंक होते. ऑटिझमविषयीच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क या संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या करातल्या, वजावटीत बसले. पण मदतनिसाचा परवाना काढण्यासाठी मी भारतातल्या पदवीचे मूल्यांकन करून घेतले होते, त्याचे शुल्क बसले नाही, कारण ते साहित्यही नव्हे आणि प्रशिक्षणही नव्हे. बक्षीस म्हणून मुलांना देण्याच्या बिस्किटांचे आणि फळांचे पैसे मी स्वतःहून वगळले. जानेवारीत एका मुलाला हातमोजे नव्हते आणि मधली सुट्टी बाहेर हिमात होती. ते हातमोजे, आणि वर्गात नेहमी ठेवाव्या लागणाऱ्या जादा विजारी, हे वर्गाच्या दृष्टीने गोंदाच्या कांडीपेक्षा कितीतरी गरजेचे आहे, पण ते शिकवण्याचे साहित्य नव्हे, म्हणून तेही वगळले. नाताळात पालकांनी दिलेल्या भेटकार्डांतून घेतलेल्या वस्तू माझा खर्च नव्हताच. डोनर्सचूजवरून देणगीदारांच्या पैशांनी आलेले साहित्यही कोणी आपल्या नावावर घालू नये. व्यायामशिक्षकांसाठी तर नियम असा आहे की आरोग्य किंवा शारीरिक शिक्षणाच्या तासासाठी घेतलेले साहित्य खेळाशी संबंधित असले तरच चालते. चेंडू चालतो, दातांच्या निगेचा तक्ता चालत नाही. यामागचे कारण मला अजून कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

सीपीएंनी आणखी एक गोष्ट विचारली आणि ती रास्त होती: शाळा हे पैसे परत देत नाही ना? परत मिळालेला खर्च तर धरता येत नाहीच, पण मागितला असता परत मिळाला असता आणि तुम्ही मागितलाच नाही, अशी परिस्थिती असेल तर आयआरएस आक्षेप घेऊ शकते. मी मुख्याध्यापकांना ईमेल करून विचारले. पूर्वमंजुरीशिवाय मदतनिसांच्या खरेदीचे पैसे परत दिले जात नाहीत, असे त्यांनी दोन ओळींत कळवले. तो ईमेल मी पावत्यांबरोबर ठेवला आहे. आयआरएसकडे पावत्या पाठवायच्या नसतात, पण विवरणपत्र भरल्यापासून किमान तीन वर्षे त्या सांभाळाव्या लागतात.

हे सगळे झाल्यावर वर्षभराचा ग्राह्य खर्च अभ्यासक्रमाचे शुल्क सोडूनही ५०० डॉलरच्या थोडा वर गेला. त्यातले ३०० ओळ ११ वर आले. आता या ३०० डॉलरचे प्रत्यक्षात काय होते ते पाहू, कारण इथे अनेकांचा गैरसमज होतो आणि ३०० डॉलर परत मिळणार अशा समजुतीने ते निराश होतात. ३०० डॉलर हे उत्पन्नातून वजा होतात, करातून नव्हे. मी आणि माझे पती संयुक्त विवरणपत्र भरतो आणि त्यांच्या नोकरीमुळे आमच्या उत्पन्नाचा वरचा भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो, म्हणून आमचा संघीय कर ६६ डॉलरने कमी झाला. एकटीच्या पगारावर राहणारी माझी सहकारी १२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. तिने तितकाच खर्च केला आणि तिला ३६ डॉलर वाचले. ज्याचे उत्पन्न जास्त त्याला त्याच गोंदाच्या कांडीवर जास्त सूट, ही वजावटीच्या पद्धतीतलीच गोम आहे. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी पगारातून कापले जाणारे पैसे या वजावटीने कमी होत नाहीत. तिचा मोठा गुण एकच की ती घेण्यासाठी प्रमाणित, म्हणजे खर्च न दाखवता सगळ्यांना सरसकट मिळणारी, वजावट सोडावी लागत नाही. ती आधी उत्पन्नातून जाते आणि मग उरलेल्यातून प्रमाणित वजावट मिळते. २०२५ पर्यंतच्या वर्षांसाठी शिक्षक पती-पत्नी दोघेही पात्र असतील तर मिळून ६०० डॉलर चालत, पण एकाचे चारशे आणि दुसऱ्याचे दोनशे असे करता येत नसे, प्रत्येकाची मर्यादा तीनशेचीच होती.

ही वजावट २००२ मध्ये आली तेव्हा ती २५० डॉलरची आणि तात्पुरती होती. संसद तिला वेळोवेळी मुदतवाढ देत गेली आणि डिसेंबर २०१५ च्या कायद्याने ती कायमची झाली; महागाईनुसार मर्यादा वाढवण्याची सोयही तेव्हाच झाली. पण वाढ पन्नासच्या पटीतच होते, म्हणून २५० चे ३०० व्हायला २०२२ उजाडले. २०१७ च्या करसुधारणेच्या वेळी प्रतिनिधिगृहाने ही वजावट काढून टाकण्याचे आणि सिनेटने ती ५०० करण्याचे प्रस्तावित केले होते. शेवटी दोघांच्या तडजोडीत ती होती तिथेच राहिली. त्याच कायद्याने मात्र नोकरदारांचा परत न मिळालेला खर्च सविस्तर वजावटींत, म्हणजे प्रमाणित वजावटीऐवजी एकेक खर्च मांडून घ्यायच्या वजावटींत, दाखवण्याची जुनी सोय २०१८ पासून थांबवली. त्याआधी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या वरचा खर्च तिथे दाखवता येई, त्यामुळे जास्त खर्च करणाऱ्या शिक्षकांना तो एक मार्ग होता. तो बंद झाल्यावर २५० डॉलरच्या वरचे सगळे पैसे संघीय करापुरते गेल्यातच जमा झाले.

माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिला सर्व शिक्षा अभियानातून शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत, त्यातून ती तक्ते आणि कार्डशीट आणी आणि वरचे पैसे घालताना कोणाला सांगत नसे. भारतात शिक्षकांच्या साहित्याला अशी वेगळी वजावट नाही; पगारदारांना सरसकट प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत आता ७५,००० रुपये, आणि तिला कोणतीही पावती लागत नाही. तिला माझे पावत्यांचे पाकीट दाखवले तेव्हा सहासष्ट डॉलरसाठी एवढे, असे ती म्हणाली. खरे सांगायचे तर तोवर माझेही मत तेच होते.

ते मत इलिनॉय राज्याच्या विवरणपत्राने बदलले. टॉपिक ४५८ वाचल्यानंतर मी राज्याच्या महसूल विभागाची माहिती चाळत होते, आणि तिथे शिकवण्याच्या साहित्यासाठी शिक्षणकर्मचाऱ्यांना थेट करातून मिळणारी सवलत दिसली. २०१७ पासून ती लागू आहे. पात्रतेची व्याख्या जवळपास शब्दशः तीच, म्हणजे शिक्षक, प्रशिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक किंवा मदतनीस आणि ९०० तास. शाळा मात्र इलिनॉयमधली हवी, सरकारी किंवा खासगी. आधी तिची मर्यादा २५० डॉलर होती, २०२३ पासून ती ५०० झाली. ही रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही, ठरलेल्या करातून वजा होते. इलिनॉयचा कर सरसकट ४.९५ टक्के आहे. ३०० डॉलरची संघीय वजावट राज्याच्या उत्पन्नातही उतरते तेव्हा तिथे वाचतात पंधरा डॉलरच्या आत, आणि या सवलतीने वाचले पूर्ण ५००. माझ्या त्याच पावत्या, तीच लॅमिनेशनची पाकिटे, पण वॉशिंग्टनकडून ६६ डॉलर आणि राज्याच्या राजधानीकडून, स्प्रिंगफील्डकडून, ५००. अभ्यासक्रमाचे शुल्क मात्र येथे चालले नाही, कारण राज्याची व्याख्या वर्गात वापरण्याच्या साहित्यापुरतीच आहे. राज्याचा कर शून्याखाली नेऊन वरचे पैसे हातात देण्याची सोय यात नाही, पण ज्यांचा करच कमी असतो त्यांना उरलेली रक्कम पुढच्या पाच वर्षांत वापरता येते. अर्धवेळ मदतनिसांच्या दृष्टीने ही पाच वर्षांची सोय महत्त्वाची आहे.

ही सवलत राज्याच्या मुख्य विवरणपत्रात लगेच दिसत नाही. ती शेड्यूल १२९९-सी या वेगळ्या जोडपत्रात मागावी लागते. उद्योगांच्या आणि गुंतवणुकीच्या सवलतींच्या गर्दीत ते जोडपत्र असते, त्यामुळे साधा पगारदार माणूस तिकडे फिरकत नाही. संगणकावर विवरणपत्र भरणाऱ्या सहकाऱ्यांना मी बसून दाखवले: संघीय भागात तुम्ही शिक्षक आहात का या प्रश्नाला हो म्हटल्याने राज्याची सवलत आपोआप आली असे समजू नये, राज्याच्या भागात जाऊन सवलतींच्या यादीत ती शोधावी लागते.

त्यानंतर आदल्या वर्षाच्या विवरणपत्राचा प्रश्न उभा राहिला. ते भरताना सीपीएंनी यांतले काहीच घेतलेले नव्हते. चुकलेले विवरणपत्र दुरुस्त करण्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. संघीय पातळीवर फॉर्म १०४०-एक्स आणि राज्याच्या पातळीवर आयएल-१०४०-एक्स. सीपीएंनी दोन्हींची मिळून जी फी सांगितली ती ऐकून मी दोन्ही घरीच भरायचे ठरवले. संघीय दुरुस्ती आधी करावी लागते, कारण तिथले उत्पन्न बदलले की राज्याचे आपोआप बदलते. १०४०-एक्समध्ये तीन रकाने असतात: आधी काय दाखवले होते, किती फरक, आणि आता काय. शेवटी कारण लिहायला जागा असते. तिथे मी मदतनीस या नात्याने पात्र असून ही वजावट राहून गेली, इतकेच एका वाक्यात लिहिले. त्या वर्षीच्या पावत्यांपैकी काही अक्षरे उडालेल्या होत्या, त्यांच्या जागी कार्डाच्या बिलावरची नोंद होती, पण त्यावर दुकानाचे नाव आणि रक्कम असते, वस्तू कळत नाही. टार्गेटमधल्या चाळीस डॉलरमध्ये वेल्क्रो किती आणि घरचा साबण किती हे सिद्ध होण्यासारखे नव्हते, म्हणून ती सगळी रक्कम सोडली. उरलेला खर्च तीनशेच्या वर होताच, पाचशेपर्यंत मात्र पोचला नाही. दुरुस्त विवरणपत्रांना नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. आयआरएसचे पैसे काही महिन्यांनी आले, राज्याचे त्यानंतर.

राज्याराज्यांत यात मोठा फरक आहे आणि दुसऱ्या राज्यांतल्या मैत्रिणींनी आपापले नियम पाहावेत. कॅलिफोर्निया संघीय वजावट मानत नाही आणि ती रक्कम राज्याच्या उत्पन्नात परत मिळवावी लागते. पेन्सिल्वेनियात नोकरीसाठी लागणारा, परत न मिळालेला खर्च शेड्यूल यूई भरून वेगळा दाखवता येतो. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये शिक्षणकर्मचाऱ्यांसाठी ५०० डॉलरपर्यंतची वजावट आणली, पण ती उत्पन्नातून होती, करातून नव्हे.

२०२६ च्या करवर्षापासून संघीय नियम बदलले आहेत. ओळ ११ ची मर्यादा ३५० डॉलर झाली आहे, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यावरचा खर्च सविस्तर वजावटींत, कोणत्याही वरच्या मर्यादेशिवाय आणि जुन्या दोन टक्क्यांच्या अटीशिवाय, दाखवण्याची सोय केली आहे. या दुसऱ्या भागात आंतरशालेय खेळांचे प्रशिक्षकही आले आणि वस्तू वर्गाच्या चार भिंतींतच वापरली पाहिजे ही अट सैल झाली. ऐकायला हे मोठे वाटते. पण सविस्तर वजावटी त्यालाच परवडतात ज्याची बेरीज प्रमाणित वजावटीच्या वर जाते, आणि संयुक्त विवरणपत्रासाठी २०२६ ची प्रमाणित वजावट ३२,२०० डॉलर आहे. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, आमची बेरीज तिच्या जवळपासही जात नाही, तेव्हा आम्हाला ओळ ११ आणि राज्याची सवलत एवढेच. माझ्या वर्गशिक्षिकेची गोष्ट वेगळी आहे. तिचे स्वतःचे घर आहे, आमच्या भागातला मालमत्ता कर जबर असतो, आणि राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवरची १०,००० डॉलरची मर्यादा २०२५ पासून ४०,००० झाल्यामुळे घरकर्जाच्या व्याजासह तिची बेरीज प्रमाणित वजावटीच्या वर जाते. आजवर ती पाचशे डॉलरच्या पावत्या झाल्या की पुढच्या टाकून देत असे. २०२६ च्या जानेवारीपासून तिने वर्गाच्या खरेदीसाठी वेगळे कार्ड ठेवले आहे.